मधलीं तीन वर्षें

(नभोवाणीवरील भाषण)



पुढील काळासाठीं मुलांची तयारी कशी करावी, या विषयावर बोलण्याची आज मला आज्ञा झाली आहे. मी भविष्यवेत्ता नव्हे. मी जुना मॅट्रिक; त्यावर अध्यापनाची पदविका घेऊन अडतीस वर्षें शाळामास्तर होतों, आणि त्यांतील बहुतेक काळ सहावी-सातवीच्या वर्गांत गणित शिकविण्यांत गेला. तेव्हां आणखी पंचवीस वर्षांनीं जगांत कोणते उद्योग राहतील आणि कोणते बुडतील, हें मला विचारूं नये. सातवींतल्या मुलाच्या वहींत काय चाललें आहे, तें मात्र मी बऱ्याच खात्रीनें सांगूं शकेन.

आपल्याकडे मुलाच्या शिक्षणाची काळजी घरांत दोन वेळां वाहिली जाते. एकदां त्याला पहिलींत घालतांना, आणि दुसऱ्यांदा दहावीच्या वर्षीं. पहिलीच्या प्रवेशासाठीं आईबाप रांगेंत उभे राहतात. दहावीच्या वर्षीं घरांत पाहुणा आलेला चालत नाहीं. मधल्या काळांत मूल शाळेंत जातें आणि शाळेंतून येतें, एवढीच नोंद असते. वास्तविक मुलाच्या शिक्षणाचा गाडा रुततो तो याच मधल्या रस्त्यावर. पांचवीपर्यंत एक गुरुजी किंवा एक बाई सर्व विषय शिकवितात. मूल त्यांना ओळखतें, तीं मुलाला ओळखतात. सहावीपासून तासागणिक नवा माणूस वर्गांत येतो. वयहि अडनिडें. शंका विचारली तर शेजारचा हंसेल, ही भीति या वयांत प्रथम उत्पन्न होते, आणि एकदां ती बसली म्हणजे मुलाचें न समजणें शिक्षकाच्या दृष्टीआड होतें.

२००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहावी ते आठवीच्या वर्गांसाठीं वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास शिकविण्याचे ठरविले आहेत. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रें आणि भाषा यांसाठीं निदान एकेक शिक्षक असावा, असेंहि त्यांत आहे. म्हणजे तीन वर्षांचे तीन हजार तास आपल्या हातीं असतात. ही पुंजी थोडी नाहीं. परंतु 'प्रथम' या संस्थेच्या २०२२ च्या 'असर' अहवालांत असें दिसून आलें कीं, देशाच्या ग्रामीण भागांतील आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन आंकडी संख्येला एक आंकडी संख्येनें भागतां येत नाहीं. शहरांतील सुशिक्षित मंडळींनीं हें परक्याचें दुखणें समजूं नये. आपल्या मुलांना भागाकार येतो. परंतु तो कोठें करावयाचा हें येतेंच असें नाहीं. शब्दांत घातलेलें उदाहरण फळ्यावर लिहिलें कीं वर्गांतून हमखास प्रश्न येतो, "गुरुजी, यांत बेरीज करायची कीं गुणाकार?" हा प्रश्न मीं अडतीस वर्षें ऐकला.

आतां एक गोष्ट सांगतों. ती माझ्या स्वतःच्या चुकीची आहे, म्हणून सांगण्यास हरकत नाहीं.

माझ्या सातवीच्या वर्गांत एक मुलगा होता. पहाटे उठून वडिलांबरोबर दुधाचा रतीब घालून तो शाळेंत येई आणि पहिल्या तासाला डुलक्या घेई. घटक चांचणींत मीं एक साधें उदाहरण घातलें होतें: तीन चतुर्थांश गुणिले तीस. त्यानें वरच्या तिनाला तिसांनीं गुणलें, खालच्या चारालाहि तिसांनीं गुणलें, आणि उत्तर लिहिलें ९०/१२०. मीं तांबड्या शाईनें फुली मारली आणि शेजारीं योग्य रीत लिहून दिली. माझें कर्तव्य तेथें संपलें, असें मला वाटलें.

महिनाअखेर तोच मुलगा आमच्या घरीं दुधाचे पैसे न्यायला आला. आमच्याकडे रोज पाऊण लिटर दूध येई. मीं सहज विचारलें, "अरे, तीस दिवसांचें किती झालें?" तो तत्काळ म्हणाला, "साडेबावीस लिटर, गुरुजी." कसें काढलेंस, म्हणून विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "चार दिवसांचें तीन लिटर. अठ्ठावीस दिवसांचें एकवीस. राहिले दोन दिवस, त्यांचें दीड." मीं पैसे दिले, तो गेला, आणि दार लावून आंत आल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं चांचणींतलें उदाहरण तें हेंच. पाऊण आणि तीन चतुर्थांश एकच. तीस दिवस आणि तीस एकच. ज्याला मीं फुली मारली होती त्यानें माझ्या दारांत उभें राहून तें तोंडीं सोडविलें होतें.

याहून पुढची गंमत अशी कीं, ९०/१२० याला संक्षेप दिला तर पुनः तीन चतुर्थांशच येतात. म्हणजे महिनाभर दूध घालून हिशेबांत निघालें एकाच दिवसाचें दूध! हें त्याला दाखविलें असतें तर तो मोठ्यानें हंसला असता आणि ती चूक त्यानें जन्मांत पुनः केली नसती. पण दुसऱ्या दिवशीं वर्गांत पुढचा धडा होता, परीक्षा तोंडावर आली होती, अभ्यासक्रम उरकावयाचा होता. मीं त्याला बोलाविलें नाहीं. नववीनंतर तो शाळेंत दिसला नाहीं. गणितामुळेंच त्यानें शाळा सोडली असें मी म्हणत नाहीं. घरची स्थितीहि होती. परंतु आपल्याला गणित येत नाहीं, अशी समजूत घेऊन तो शाळेबाहेर पडला. ती समजूत खोटी होती, आणि ती त्याला मीं दिली होती.

पुढें वाचनांत आलें कीं, हा अनुभव माझ्या एकट्याचा नाहीं. ब्राझील देशांत रेसिफे नांवाच्या शहरांत तीन अभ्यासकांनीं बाजारांत नारळ आणि फळें विकणाऱ्या मुलांची पाहणी केली. १९८५ सालीं ती प्रसिद्ध झाली. गिऱ्हाइकासारखें उभें राहून त्यांनीं हिशेब विचारले, तेव्हां शंभरांतील अठ्ठ्याण्णव उत्तरें बरोबर आलीं. त्याच प्रकारचे हिशेब त्याच मुलांना शाळेच्या पद्धतीनें कागदावर निव्वळ आंकडेमोड म्हणून घातले, तेव्हां बरोबर उत्तरें शंभरांत सदतिसांवर आलीं. मुलें तींच, डोकीं तींच. एका मुलानें तर दहा नारळांची किंमत काढतांना, दहानें गुणावयाचें म्हणजे पुढें शून्य द्यावें, ही शाळेची सोपी रीत वापरलीच नाहीं. तीन नारळांची किंमत, आणखी तिनांची, असें करीत तो बरोबर उत्तरावर गेला. आमचा दूधवाला चार-चार दिवस मोजीत गेला, तसाच हा.

येथें मला अपूर्णांकांविषयीं थोडें अधिक बोलावयाचें आहे, कारण मधल्या शाळेचें सारें मर्म तेथें आहे असें माझें मत आहे. पांचवीपर्यंत मुलाला संख्या म्हणजे मोजण्याची वस्तु वाटते: एक, दोन, तीन. गुणिलें कीं वाढतें, भागलें कीं घटतें. सहावी-सातवींत संख्येचा अर्थच पालटतो. आतां ती दोन वस्तूंमधील नातें सांगूं लागते. मुलाच्या मनांतले जुने नियम मात्र जागचे हालत नाहींत. म्हणून तो एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश लिहितो. वरच्यांत वरचें मिळविलें, खालच्यांत खालचें. दोन पंचमांश हे अर्ध्याहून कमी आहेत. अर्ध्यांत भर घातली आणि तें घटलें, हें त्याच्या लक्षांत येत नाहीं. दशांश चिन्हानंतर पस्तीस आणि दशांश चिन्हानंतर पांच यांत मोठें कोणतें म्हणून विचारा, पुष्कळ मुलें पस्तीस सांगतील, कारण पांचांपेक्षां पस्तीस मोठे. ही मुलें मूर्ख नाहींत. काल खऱ्या असलेल्या नियमाला तीं प्रामाणिकपणें चिकटून आहेत. शिक्षकानें फुली मारल्यानें हा नियम सुटत नाहीं. तो कोठें मोडतो तें डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे सुटतो.

त्याला मोठें साहित्य लागत नाहीं. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्याव्या. एकीची मधोमध घडी घालावी, दुसरीच्या तीन सारख्या घड्या कराव्या. आतां अर्धा तुकडा आणि एक तृतीयांश तुकडा शेजारीं ठेवून मुलाला विचारावें, दोन्ही मिळून पट्टीचा कितवा भाग झाला? एकाच मापानें मोजल्याशिवाय सांगतां येत नाहीं, हें तें आपणच बोलूं लागतें. मग सहा घड्यांची पट्टी करून पाहिली कीं अर्ध्याचे तीन भाग, तृतीयांशाचे दोन, मिळून पांच षष्ठांश. समच्छेद हा शब्द यानंतर सांगावा, आधीं नव्हे. एका तासाचें काम आहे. आम्ही हा तास वांचवितों, आणि पुढें तीन वर्षें त्याची भरपाई करीत बसतों.

आपल्या भाषेंत तर या बाबतींत केवढें धन आहे! पाव, निम्मे, पाऊण, सव्वा, दीड, अडीच: प्रत्येकाला स्वतंत्र नांव. पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणवून घेत. ती घोकंपट्टी होती हें खरें, आणि तिच्यामागें छडीहि होती. त्या काळचे गोडवे गाण्याचा माझा हेतु नाहीं. पण रुपयाचे सोळा आणे होते तोंवर बाजारांत पाव-पाऊण पदोपदीं लागे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणीं आलीं, हिशेब सोपा झाला, आणि अपूर्णांक रस्त्यावरून उठून पुस्तकांत जाऊन बसला. आतां सेमी-इंग्रजी वर्गांत गणित इंग्रजींतून चालतें. मुलाच्या घरीं आजी पाऊण वाटी तांदूळ मोजते, शाळेंत त्यालाच थ्री अपॉन फोर म्हणतात, आणि या दोघांची ओळख करून देण्याचें कोणाला सुचत नाहीं. इंग्रजीला माझा विरोध नाहीं. दोन्ही नांवें एकाच वस्तूचीं आहेत, एवढें मुलाला सांगण्यास दोन मिनिटें लागतात.

कोणी म्हणेल, मास्तर, विषय भविष्याचा आणि तुम्ही अजून पाव-पाऊणच करतां. पण भविष्य कोठून येणार? टक्केवारी, व्याज, नकाशाचें प्रमाण, औषधाची मात्रा, पाऊस पडण्याचा संभव, हें सारें या नात्याचेंच गणित आहे. दुकानावर पन्नास टक्के सूट आणि तिच्यावर आणखी वीस टक्के सूट अशी पाटी लागली, तर पुष्कळ मोठीं माणसेंहि सत्तर टक्के सूट समजतात. हजाराच्या वस्तूचे आधीं पांचशें होतात, मग त्या पांचशेंवर वीस टक्के, म्हणजे चारशें. सूट साठ टक्केच. महिना दोन टक्के व्याज ऐकायला हलकें वाटतें. तें दरमहा मुद्दलांत मिळत गेलें तर वर्षाला सुमारें पावणेसत्तावीस टक्के होतें. हें ज्याला सातवींत उमगलें नाहीं, त्याला पुढें मोबाइलवर कर्ज देणारा कोणीहि भेटूं शकतो.

आणि आतां तर विचारल्याबरोबर उत्तर देणारें यंत्र प्रत्येक घरांत आलें आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची ही यंत्रें निबंध लिहितात, उदाहरणें सोडवितात. त्यांचीं उत्तरें बहुधा बरोबर असतात, कधीं कधीं चुकतात. आणि चुकतांना त्यांचा स्वर बरोबर असतांनाच्या इतकाच ठाम असतो. अशा वेळीं मुलाजवळ काय हवें? रीत पाठ असून भागत नाहीं, ती यंत्राजवळ आहेच. उत्तर साधारण किती यावयास पाहिजे याचा अदमास हवा. तीस दिवसांचें दूध एक लिटराहून कमी येऊं शकत नाहीं, असें जो म्हणूं शकतो तो यंत्राच्या पुढें उभा राहील. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें मधल्या वर्गांपासून संगणकाला सूचना लिहिण्याचें शिक्षणहि सुचविलें आहे. तें चांगलेंच आहे. कामाच्या पायऱ्या क्रमानें मांडावयास त्यानें शिकतां येतें. पण भारी शुल्क देऊन त्याच्या शिकवण्या लावणाऱ्या पालकांनीं आधीं मुलाची गणिताची वही उघडून पहावी, अशी माझी विनंती आहे.

वाचनाचीहि तीच कथा. पांचवीपर्यंतचीं पुस्तकें बहुधा गोष्टी सांगतात. सहावीपासून तीं व्याख्या सांगूं लागतात. बाष्पीभवन, लोकप्रतिनिधि, अक्षांश. हें वाचन निराळें आहे, तें निराळें शिकवावें लागतें, आणि तें कोणीच शिकवीत नाहीं. भाषेचा शिक्षक म्हणतो तें विज्ञानवाल्याचें काम, विज्ञानवाला म्हणतो भाषेचें. आम्ही आणखी एक अपराध केला. उदाहरणांत 'एकूण' शब्द आला कीं बेरीज, 'उरले' आला कीं वजाबाकी, अशा खुणा शिकविल्या. मूल वाक्य न वाचतां खूण शोधूं लागलें. मीं शेवटच्या कांहीं वर्षांत रोज पहिलीं दहा मिनिटें एवढेंच केलें कीं कोणत्याहि पुस्तकांतील एक परिच्छेद एकानें मोठ्यानें वाचावा आणि दुसऱ्यानें पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगावा. सुरुवातीला वर्गांत शांतता पसरे. दिवाळीनंतर मुलें आपसांत वाद घालूं लागत. तो गोंगाट मला फार आवडे. मुख्याध्यापकांना आवडत नसे.

राहिलें हाताचें काम. १८८२ सालीं हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं मोडी-बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांच्या जोडीला शेतीचें प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे धडे मागितले होते. १९३७ च्या ऑक्टोबरांत गांधीजींनीं वर्ध्यास परिषद भरविली, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीनें हस्तोद्योगाच्या भोंवतीं सात वर्षांच्या शिक्षणाची योजना आंखली. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानें कार्यानुभव हा शब्द रूढ केला. शब्द राहिला, कामाचें काय झालें तें मी पाहिलें आहे. आमच्या हातून कार्यानुभव म्हणजे कागदी फुलें आणि पताका. त्या घरीं थोरली बहीण करी किंवा कोपऱ्यावरचा दुकानदार विकी, आणि आम्ही गुण देत असूं.

पण याच प्रांतांत खरें कामहि झालें आहे. पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांतील पाबळ या गांवीं १९८३ सालीं डॉ. कलबाग यांनीं विज्ञान आश्रम स्थापिला. मोठ्या कंपनींतील संशोधकाचें काम सोडून ते तेथें गेले होते. त्यांनीं आठवी ते दहावीच्या शाळांसाठीं मूलभूत तंत्रज्ञानाचा पाठ्यक्रम तयार केला. आठवड्यांतून एक दिवस मुलांनीं हातांनीं काम करावयाचें: सांधकाम आणि बांधकाम, वीज, शेती व जनावरें, अन्न व आरोग्य. नुसता सराव म्हणून नव्हे, तर गांवाला लागणारीं कामें करून द्यावयाचीं आणि त्यांचा खर्च मांडावयाचा. पट्टी चुकीच्या मापाची कापली तर ती रबरानें खोडतां येत नाहीं. कापणाऱ्या मुलाला तेथें दशांश चिन्हाचा अर्थ कळतो.

नव्या धोरणानें सहावी ते आठवींत दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या हाताखालीं घालविण्याचें सुचविलें आहे. सुतार, माळी, कुंभार, वायरमन यांजकडे मुलांनीं जावें ही कल्पना मला पसंत आहे. हिशेब मात्र करून पहावा. हे दहा दिवस एकाच वर्षांत धरले, तरी २२० दिवसांत दहा, म्हणजे बावीस दिवसांत एक. पाबळचा हिशेब सहांत एक. बावीस दिवसांत एक दिवस म्हणजे सहल होते. मूल पाहून येतें, करून येत नाहीं. त्यांतहि शहरांतील शाळा हे दिवस चित्रफिती दाखवून साजरे करतील, अशी मला धास्ती वाटते.

हें सर्व शाळांनीं करावें, हें ठीक. पण घरांत बसलेल्या श्रोत्यांना मला निराळें सांगावयाचें आहे. मुलाला किती गुण पडले हें विचारूंच नये असें मी म्हणत नाहीं. विचारल्याशिवाय राहवणार नाहीं हें मी जाणतों. पण उदाहरण सोडविण्यापूर्वीं त्याला एकदां विचारावें, उत्तर सुमारें किती येईल? चुकलें तर रागावूं नये, इतकें कसें म्हणून विचारावें. घरच्या दुधाचा, विजेचा, किराण्याचा महिन्याचा हिशेब सातवींतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोंपवावा. दोन महिने चुकेल, चार-आठ आण्यांचा म्हणण्याची माझी संवय आहे, चार-आठ रुपयांचा घोटाळा होईल. तो होऊं द्यावा. पालकसभेला गेलांत तर शिक्षकांना विचारा कीं, वर्गांत शंका कोण विचारतें, आणि माझें मूल शेवटची शंका केव्हां विचारलें होतें? शिक्षकाला तें सांगतां आलें नाहीं तर त्यालाहि दोष देऊं नका; पुढच्या सभेपर्यंत तो लक्ष ठेवील.

तो माझा विद्यार्थी अजून आमच्या आळींत दूध घालतो. आतां त्याची स्वतःची डेअरी आहे. गेल्या दिवाळींत फराळाला बोलाविला असतां मीं त्याला ती चांचणीची गोष्ट सांगितली आणि कागदावर ९०/१२० लिहून दाखविले. त्यानें क्षणभर पाहिलें आणि म्हणाला, "गुरुजी, हें तर एकाच दिवसाचें दूध झालें." त्याची मुलगी यंदा सहावींत गेली आहे. रविवारीं सकाळीं ती वही घेऊन आमच्याकडे येते, आणि सध्यां आमच्या घरांत कागदाच्या पट्ट्यांचा कचरा फार होतो, अशी तक्रार आहे.